मनीच्या डोक्याचं माप

गेल्या महिन्यात गारगोटीकडचं एक जोडपं दुकानात आलं. कपडे शिवायला नव्हे. बाळ अकरा दिवसांचं, पाठीवर पट्टी, हातात फाईल. कुणीतरी सांगितलं होतं, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बोळातल्या त्या टेलरच्या पोरीचं असंच होतं, त्याला भेटा. दोन तास बोलत बसलो. ते गेल्यावर ही म्हणाली, "प्रत्येकाला किती दिवस तोंडी सांगणार? लिहून काढा एकदा." म्हणून हे. मी डॉक्टर नाही, मापं घेणारा माणूस आहे. आमच्यावर जे आलं तेच लिहितो.

मनी हे माझ्या पोरीचं घरातलं नाव. जन्म ७ जुलै २०१७, शुक्रवार, बाहेर पाऊस धो धो. पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी आमच्याकडून राहिली होती. ही तेव्हा माहेरी होती, 'करू की पुढच्या आठवड्यात' असं करत सातवा महिना उजाडला. तेव्हा कळलं, पाठीच्या मणक्यात फट आहे आणि डोक्यात पाणी जास्त आहे. पुढे एका डॉक्टरांनी समजावलं की पाठ नीट दिसली नाही तरी अठरा ते वीस आठवड्यांत डोक्यावरून संशय घेता येतो. कपाळाकडची कवटी दोन्ही बाजूंनी चेपलेली, लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला असतो. म्हणजे पाठीचा आजार डोक्यात आधी दिसतो. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि पुढची सहा वर्षं आम्ही तीच चूक करत राहिलो. पाठ आणि पाय बघत बसलो.

जन्मली तेव्हा कमरेच्या वर लिंबाएवढी गाठ, वर कातडी नाही, पातळ पापुद्रा. डॉक्टरांच्या भाषेत मेनिंगोमायलोसील. पालथी झोपवली, गाठीवर सलाईननं भिजवलेली गॉज. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकतात. आत मज्जारज्जू, त्यावर त्याचं आवरण, मग स्नायूंवरचा पडदा, मग कातडी, असं थराथरानं शिवतात. ड्रेसिंग बदलताना मी ते टाके बघितले. माझा जन्म शिवण्यात गेला, पण इतक्या ओल्या, ताणल्या तर फाटणाऱ्या कापडावर इतकी सरळ शिवण मला जमली नसती. तेवढ्यापुरतं मी बाप आहे हे विसरलो होतो, खोटं कशाला सांगू.

तेरा दिवस काचेत. खर्च १ लाख १० हजार, आणि हे सगळे खिशातून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं असतं, पण ते रुग्णालय योजनेच्या यादीत नव्हतं आणि बाळाला हलवायची आमची हिंमत नव्हती. तुम्हाला सातव्या महिन्यातच कळलं असेल तर बाळंतपण कुठं करायचं ते योजनेची यादी बघून ठरवा. बाळ बाहेर आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

हिनं स्वतःला फार दोष दिला. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या उशिरा घेतल्या म्हणून. खरं असं आहे की बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत बंद व्हायची असते, पाळी चुकल्याचं कळेपर्यंत निम्मं काम होऊन गेलेलं असतं. म्हणून ती गोळी गर्भ राहायच्या आधीपासून घ्यायची असते, आणि हे लग्न झालेल्या पोरींना कुणी सांगत नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी हिला तीन महिने आधीच ५ मिलिग्रॅमची सुरू केली. एरवी रोजची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम असते, पण आधीचं मूल असं असेल तर दहा-बारापट लागते. धाकटा व्यवस्थित आहे.

२० जुलैला घरी सोडताना एका सिस्टरनी सांगितलं, "दर आठवड्याला डोकं मोजा." मला वाटलं, हे तर आपलं काम. पण दुकानातली टेप काढली तेव्हा ध्यानात आलं की वापरून वापरून ती ताणली आहे, शर्टाला चालते, इथं चालणार नाही. नवी घेतली, पंधरा रुपयांची. इंचाची बाजू सोडा, सेंटिमीटरची धरा. भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून, मागं जिथं डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढ चालते.

जन्माला ३५. रविवारी, २३ जुलैला ३६.६. पुढच्या रविवारी ३८.१. एका आठवड्यात दीड सेंटिमीटर. मी पुन्हा मोजलं, हिला मोजायला लावलं. आई बाजूला बसली होती. तिला टेप कळत नाही. तिनं टाळूवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आरं, ही टाळू भरल्यागत लागतीया. रडत न्हाई तरी टम्म हाय." सोमवारी सकाळी फाईल घेऊन मिरजेला. टाळूवरूनच सोनोग्राफी झाली, तिथं हाड नसतं म्हणून आतलं दिसतं. मेंदूतल्या पोकळ्या फुगल्या होत्या. शंट घालावा लागणार.

शंट म्हणजे एक बारीक नळी. मेंदूच्या पोकळीतून निघते, कानामागं कातडीखाली एक झडप असते, तिथून मानेतून, छातीवरून पोटात. मोठ्या माणसाच्या मेंदूत दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. मनीच्या डोक्यात तयार व्हायचं, पण वाट अडलेली. ते पाणी पोटात सोडायचं, पोट ते शोषून घेतं. आम्हाला भारतातच बनणारा छाब्रा शंट बसवला. परदेशी झडपा कितीतरी महाग. डॉक्टर म्हणाले याच्यानंही काम होतं, आम्ही मान डोलावली.

या वेळी योजनेत बसलो. कागदांची कथा ऐका, कारण इथंच माणूस रडकुंडीला येतो. केशरी रेशनकार्ड होतं, पण त्यावर बाळाचं नाव कुठलं असणार? योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जन्माचा दाखला आणि बाळासोबत आई-वडिलांचा फोटो मागितला. दाखला अजून महापालिकेतून आलेला नव्हता, आणि जुन्या सगळ्या कागदांवर 'बेबी ऑफ' आणि पुढं हिचं नाव, त्यातही एका ठिकाणी माहेरचं. मेहुण्यानं मंगळवारी महापालिकेत उभं राहून दाखला काढला आणि दुपारच्या एसटीनं मिरजेला आणून दिला. गुरुवारी मंजुरी, शुक्रवारी ४ ऑगस्टला ऑपरेशन. शंटचा एक पैसा लागला नाही. जेवण, प्रवास आणि बाहेरची औषधं मिळून ७,४०० रुपये गेले. दवाखान्यात नाव लिहून घेतात त्या पहिल्या क्षणी आधारकार्ड समोर धरा आणि स्पेलिंग बघून घ्या. नंतर दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्रं लागतात.

शंटनंतर डोकं थांबलं, आम्हाला वाटलं डोक्याचा विषय मिटला.

ऑक्टोबरमध्ये मनी दूध पिताना ठसकायला लागली. दूध नाकातून यायचं. श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज. गल्लीत सगळे म्हणाले सर्दी आहे, वावडिंग द्या. आठ दिवस आम्ही तेच केलं. मग मिरजेला फोन केला तर तिकडून एकच प्रश्न आला, "निळी पडते का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "तरी आजच या." आधी शंट तपासला. तो चालू होता. मग एमआरआय. एवढ्या लहान बाळाला झोपेचं औषध देऊन करावा लागतो आणि आधी चार तास आईचं दूधही बंद. सकाळची पहिली वेळ मागून घ्या. आम्हाला अकराची मिळाली, आणि ते चार तास पोरीचं रडणं अख्ख्या मजल्यानं ऐकलं.

रिपोर्टच्या दोन पानांत मला फक्त मनीचं नाव कळलं. कियारी टू मालफॉर्मेशन. टेक्टल बीकिंग. कॉर्पस कॅलोसम डिसजेनेसिस. डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं. आईच्या पोटात असताना पाठीच्या उघड्या फटीतून मेंदूतलं पाणी गळत राहतं. आतून दाब नसल्यामुळं कवटीची मागची खोली वाढतच नाही, लहान राहते. मग लहान मेंदूचा भाग आणि मेंदूचा देठ तिथं मावत नाहीत, ते खाली मानेच्या नळीत सरकतात. माझ्या डोक्यात चटकन बसलं. खिसा लहान बेतला आणि वस्तू मोठी निघाली की ती तोंडातून बाहेर डोकावते. गिळणं, श्वास, रडण्याचा आवाज या सगळ्याच्या नसा त्याच देठातून निघतात, म्हणून ठसका. आणि खाली सरकलेला तो भागच पाण्याची वाट अडवतो, म्हणून शंट.

मी विचारलं, "हे किती पोरांना होतं?" म्हणाले, "पाठीची गाठ अशी उघडी असेल तर जवळपास सगळ्यांना." तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत निदान सहा डॉक्टरांनी तिला तपासलं होतं आणि हा शब्द पहिल्यांदा कानावर येत होता. कदाचित सांगितलाही असेल, आम्ही ऐकण्याच्या अवस्थेत नसू. 'कियारी' हे माणसाचं नाव आहे हे मला नंतर कळलं. हान्स कियारी, प्रागमध्ये शरीरं उघडून बघणारे डॉक्टर, त्यांनी १८९१ मध्ये हे लिहून ठेवलं.

"आधी कळलं असतं तर?" हे मी विचारलंच. त्यांनी टाळलं नाही. पोटात असतानाच, सव्वीस आठवड्यांच्या आत पाठ शिवायची शस्त्रक्रिया आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात जन्मानंतर शिवलेल्या बाळांपैकी ८२ टक्के बाळांना वर्षभरात शंट घालावा लागला होता, पोटात असताना शिवलेल्यांत ४० टक्क्यांना. गळती लवकर थांबली की मागचा मेंदू वर यायला वाव मिळतो. पण मुदतीआधी बाळंत होण्याचा, गर्भाशयाच्या टाक्यांचा धोका आईला. आम्हाला कळलं तेव्हा तसाही सातवा महिना होता. त्या रात्री मिरज स्टेशनबाहेर चहा पिताना ही म्हणाली, "बरं झालं उशिरा कळलं, ठरवावं लागलं नाही." मी काही बोललो नाही. मला तसं वाटत नव्हतं.

मानेचं ऑपरेशन लागलं नाही. दूध थोडं थोडं, उभं धरून, आणि झोपताना लक्ष. तीन महिने आम्ही पाळीनं जागलो. आठव्या महिन्यापर्यंत ठसका गेला.

आता २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी बंद, मिरज-सांगलीचा रस्ता बंद, नळाला पाणी नाही, पेट्रोल नाही. आम्ही मंगळवार पेठेत, घरात पाणी शिरलं नाही. मंगळवारी ६ तारखेला मनीला सकाळपासून उलट्या. जवळच्या दवाखान्यात गेलो, तिथं रांगच उलटी-जुलाबाची होती, म्हणाले पाण्याचा त्रास आहे, ओआरएस पाजा. संध्याकाळी ती गप्प झाली. मनी आणि गप्प! हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. ही म्हणाली, "जुलाब एकही नाही. ताप नाही. नुसत्या उलट्या. हे पोटाचं नाही."

हे ठळक लिहितो: शंट असलेल्या पोराला जुलाबाशिवाय उलटी, सुस्ती, चिडचिड, डोकेदुखी, नजर खाली वळणं, यातलं काही दिसलं तर आधी शंट बंद पडलाय असंच धरायचं. दुसरं काही निघालं तर आनंदच.

आमचे डॉक्टर मिरजेला, रस्ता पाण्याखाली. फोनवर ते म्हणाले, "तिथंच न्यूरोसर्जन गाठा, जुन्या सीटीची सीडी न्या." सीडी माझ्याकडं होती, शेरवानीच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये गुंडाळून कपाटावर. नवीन सर्जननी तीन मिनिटांत जुना आणि नवा सीटी शेजारी लावला. पोकळ्या दुप्पट दिसत होत्या. जुना नसता तर 'हिच्या नेहमीच याएवढ्या असतील' असं म्हणायला जागा होती. रात्री साडेअकराला आत नेली. वरचं टोक बुजलं होतं, ते बदललं. पहाटे शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य, "बाबा, पाऊस गेला?" मंजुरीची वाट बघायला वेळ नव्हता, ८५ हजार भरले. भिशीतल्या दोघांनी आपापला नंबर मला दिला, म्हणून जमले.

तेव्हापासून तीन गोष्टी घरात ठरल्या. गावातल्या एका न्यूरोसर्जनकडं वर्षातून एकदा नुसतं दाखवायचं, म्हणजे अडीनडीला आपण परके नसतो. सीडीच्या दोन प्रती, एक दुकानात. आणि मोबाईलच्या कव्हरमागं चिठ्ठी: शंट कधी घातला, कुठल्या बाजूला, कुठल्या प्रकारचा, रबर चालत नाही. रबराचं राहिलंच. या पोरांना लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका मोठा असतो. हातमोजे, कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी तर आलेच, पण वाढदिवसाचे फुगेसुद्धा. आमच्या घरात कागदाच्या पताका असतात.

मधली वर्षं पायांची: कॅलिपर, फिजिओथेरपी, दर तीन-चार तासांनी कॅथेटर. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. २०२२ मध्ये, पाच वर्षांची झाल्यावर आधारला बोटांचे ठसे दिले आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. सीपीआर या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, दीड महिन्यानं यूडीआयडी कार्ड आलं. अस्थिव्यंग, ७५ टक्के. एसटीची सवलत मिळाली. कार्डावर मनीचे पाय होते. डोकं नव्हतं, आणि आम्हालाही तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

कारण मनी बोलते. चार वर्षांची असल्यापासून मोठ्या बाईसारखी बोलते. गिऱ्हाइकाला विचारते, "काकू, अस्तर घालायचं का तुमच्या ब्लाउजला?" सगळे म्हणायचे पोरगी हुशार, पायाचं काय एवढं. जून २०२३ ला पहिलीत गेली आणि दिवाळीपर्यंत वही कोरी. बाई म्हणाल्या, गप्पा फार, लिहीत नाही, लक्ष नाही, लाडानं बिघडलीय. सात अधिक दोन बोटांवर पण यायचं नाही. घड्याळ कळायचं नाही. आमच्या बोळात तीन घरं पुढं गेली की कुठल्या बाजूला वळायचं ते सुचायचं नाही. आणि बटण. टेलरची पोरगी, रोज शंभर काजं बघणारी, तिला स्वतःच्या फ्रॉकचं बटण काजात घालता यायचं नाही. मी एकदा ओरडलो. दुसऱ्यांदाही ओरडलो. ते मला अजून आठवतं.

जानेवारी २०२४ च्या तपासणीत हे सहज बोलण्यातून निघालं. डॉक्टरांनी जुना एमआरआय काढला, तोच २०१७ चा, आणि कॉर्पस कॅलोसमवर पेन ठेवलं. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पूल. मनीचा पूल नीट बनलेला नाही. लहान मेंदूची जागा बदललेली, त्यात पाण्याचा दाब येऊन गेलेला. ते म्हणाले, अशा पुष्कळ मुलांचं बोलणं चांगलं असतं, पण जागेचा अंदाज, गणित, लक्ष टिकवणं, कामाचा क्रम लावणं जड जातं. बोलणं ऐकून माणूस फसतो, आईबापही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं तीन आठवड्यांनी वेळ मिळाली. फी २,५०० रुपये, दोन बैठका. सकाळची वेळ घ्या, दुपारी ही पोरं थकतात. बुद्ध्यांक चाचणीचे दोन भाग असतात, शब्दांचा आणि हातांनी करायचा. मनीचे शब्दांत ९८, हातांच्या कामात ७१. त्या बाईंनी सांगितलं, दोन्हींची सरासरी काढून मिळालेला आकडा कुणाला दाखवू नका, दोन वेगळे आकडे दाखवा.

तो अहवाल, यूडीआयडी आणि एक अर्ज घेऊन शाळेत गेलो. अर्जात तक्रार लिहिली नाही, मागण्या लिहिल्या: पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, फळ्यावरून उतरवायचं काम कमी, तोंडी परीक्षा, जास्तीचा वेळ. पोच घेतली, दोन प्रतींवर शिक्का. दोनदा 'बघू' झालं. तिसऱ्यांदा महापालिकेच्या शिक्षण विभागातून फिरत्या विशेष शिक्षिका आल्या, त्यांनी वर्गात बसून बाईंना दाखवलं. बाई वाईट नव्हत्याच, त्यांना कुणी एमआरआय समजावून सांगितला नव्हता. जसा मला सहा वर्षं कळला नव्हता.

बेरीज आता मण्यांच्या दोरीवर होते. घड्याळ अजून जमत नाही. डावं-उजवं कळावं म्हणून मी तिच्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या बाहीत आतून लाल दोऱ्याचे तीन टाके घालतो, बाहेरून दिसत नाहीत. शाळेत आता तिच्या वर्गातल्या आणखी दोन पोरींनी तसे टाके मागितले, त्यांना काही झालेलं नसताना. घालून दिले.

गारगोटीच्या त्या बाळाचं डोकं मी दुकानातच मोजलं. ३६.२. नवी टेप दिली, सेंटिमीटरची बाजू पेनानं खूण करून. दर रविवारी आकडा फोनवर कळवतात, अजून तरी चढ सरळ आहे. मनीची पुढची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आत उरकायची आहे.